भ्रूणविकास आणि उत्क्रांती

फलित अंड्यापासून शरीर कसे घडते हा भ्रूणविज्ञानाचा प्रश्न. नव्या जाती कशा उपजतात हा उत्क्रांतीचा. दोन्ही एकमेकांत गुंतलेले आहेत, कारण प्राण्याची ठेवण बदलायची तर त्याची घडण बदलावी लागते.

प्राणिशास्त्राचे विद्यार्थी कोंबडीच्या ७२ तासांच्या भ्रूणाची स्लाइड पाहतात, तेव्हा घशाच्या बाजूला ओळीने कमानी दिसतात. माशात अशाच कमानींपासून कल्ले तयार होतात. मानवी गर्भात त्या चौथ्या आठवड्याच्या सुमारास उमटतात. जर्मन जीवशास्त्रज्ञ एर्न्स्ट हेकेल यांनी १८६६ मध्ये मांडले, की गर्भ वाढताना पूर्वजांची रूपे क्रमाने धारण करतो. हे मत चुकीचे ठरले. त्यांच्या गाजलेल्या चित्रांत भ्रूणांमधले साम्य वाढवून दाखवले होते, तरीही ती पाठ्यपुस्तकांत दीर्घकाळ टिकली. माणसाच्या गर्भाला कल्ले कधीच नसतात. म्हणून ‘कल्ल्यांच्या फटी’ हा शब्दप्रयोग टाळलेला बरा.

भ्रूणशास्त्रज्ञ कार्ल एर्न्स्ट फॉन बेअर यांनी १८२८ मध्येच अधिक अचूक निरीक्षण नोंदवले होते. स्पिरिटमध्ये ठेवलेल्या दोन भ्रूणांना चिठ्ठी लावायची राहून गेली आणि ते सरड्याचे, पक्ष्याचे की सस्तन प्राण्याचे, हे त्यांना ओळखता येईना. भ्रूण दुसऱ्या प्राण्याच्या भ्रूणासारखा दिसतो, प्रौढासारखा नव्हे. समान लक्षणे आधी प्रकटतात, विशेष लक्षणे मागून. बेअर यांना डार्विनचा सिद्धांत पटला नाही, पण डार्विनने भ्रूणांतील या साम्याला समान पूर्वजाचा भक्कम पुरावा मानले.

सर्वांत सुंदर पुरावा आपल्या कानात आहे. कार्ल राइखर्ट यांनी १८३७ मध्ये डुकराच्या भ्रूणांवरून दाखवले, की मध्यकर्णातील हातोडी आणि ऐरण ही हाडे घशाच्या पहिल्या कमानीतून येतात आणि सरपटणाऱ्या प्राण्यांत त्यांच्या जागी जबड्याच्या सांध्याची हाडे असतात. ओपॉसम या पोटपिशवीच्या सस्तन प्राण्याच्या नवजात पिल्लात ती अजून जबड्याला जोडलेली असतात, पिल्लू वाढते तशी सुटी होतात. मॉर्गॅन्युकोडॉन या सस्तन प्राण्यांच्या प्राचीन नातलगाच्या जीवाश्मात तर जबड्याचा जुना आणि नवा असे दोन्ही सांधे एकत्र आहेत.

जनुकांच्या अभ्यासाने हे नाते आणखी खोलवर नेले. वॉल्टर गेरिंग यांच्या बाझेलमधील प्रयोगशाळेने १९९५ मध्ये डोळ्यांच्या घडणीला चालना देणारे उंदराचे पॅक्स-६ हे जनुक फळमाशीच्या अळीत, जिथून पाय आणि पंख तयार होतात त्या ऊतींत कार्यान्वित केले. तिथे डोळे उगवले. पण ते उंदराचे नव्हते, अनेक भिंगांचे, माशीचेच होते.