टाइल-भित्तिचित्रावरील नोंदीचे परीक्षण

भाजलेल्या टाइल्सनी घडवलेल्या मोठ्या भित्तिचित्राची विश्वकोशासाठी लिहिलेली नोंद मान्य होण्याआधी दुसऱ्या जाणकाराने तपासणे, म्हणजे हे परीक्षण. भाषा, संदर्भ आणि मांडणी कुठल्याही नोंदीची तपासली जाते; इथली मेख वेगळी आहे. असे चित्र एका हाताचे नसते आणि एका दिवसाचेही नसते. कागदावरचे रेखाटन एकाचे, टाइलवरचे रंगकाम दुसऱ्याचे, भट्टी तिसऱ्याची, आणि भिंतीवर लावणारे गवंडी चौथेच. म्हणून ‘हे चित्र कोणी, कधी आणि कशाचे केले’ या साध्या वाक्यातले तिन्ही प्रश्न अडचणीचे होतात. कच्ची नोंद बहुधा पहिल्याच ओळीत घसरते, ती यामुळे.

परीक्षकाला आधी तंत्र कळावे लागते. ‘सिरॅमिक’ हा शब्द फार ऐसपैस आहे. पोर्तुगालमधील अझुलेजू या झिलईदार टाइलच्या जुन्या पद्धतीत भाजलेल्या मातीच्या टाइलवर कथिलाच्या पांढऱ्या झिलईचा थर देतात आणि तो कच्चा असतानाच त्यावर रंगवतात. कोरडी झिलई कुंचल्यातले पाणी तत्काळ शोषून घेते, त्यामुळे ओढलेली रेघ पुसता येत नाही. कोबाल्टचा रंग त्या वेळी काळपट दिसतो; निळा होतो तो भट्टीतून बाहेर आल्यावर. म्हणजे चित्रकार जे रंगवतो ते त्याला रंगवताना दिसत नसते. लाहोरच्या किल्ल्यावरील चित्रभिंतीचे काम याहून निराळे आहे. तिथल्या काशीकारीत एकेका रंगाच्या झिलईच्या टाइल्स कापून त्यांचे तुकडे हत्तीच्या, घोड्याच्या, फुलाच्या आकारात बसवले आहेत. पहिल्या प्रकारात टाइल हा चित्राचा फलक असतो, दुसऱ्यात टाइलचा तुकडा हाच रंग. या दोन्हींना ‘टाइलवर रंगवलेले चित्र’ म्हणणारी नोंद परत पाठवावी. लाहोरच्या भिंतीत किती टाइल्स आहेत, या प्रश्नालाही मग फारसा अर्थ उरत नाही.

नोंदीची पारख कशी होते हे पाहण्यासाठी जर्मनीतील ड्रेसडेन शहरातील ‘फ्युर्स्टनत्सूग’, म्हणजे राजपुरुषांची मिरवणूक, हे उदाहरण सगळ्यात सोयीचे आहे, कारण त्यात जवळपास प्रत्येक खाचखळगा सापडतो. राजवाड्याच्या तबेल्याच्या आवाराची रस्त्याकडची बाहेरची भिंत सुमारे १०२ मीटर या चित्राने व्यापली आहे. सॅक्सनीवर राज्य करणाऱ्या व्हेटिन घराण्यातील ३५ राज्यकर्ते त्यात ओळीने चालले आहेत, बहुतेक घोड्यांवर. त्यांच्याबरोबर शास्त्रज्ञ, कलावंत, कारागीर, शेतकरी आणि मुले धरून आणखी ५९ जण आहेत. एकूण ९४.

हे चित्र मुळात टाइल्सचे नव्हतेच. व्हिल्हेल्म व्हाल्टर या चित्रकाराने ते १८७६ मध्ये पूर्ण केले तेव्हा ते स्ग्राफितो पद्धतीचे होते : गिलाव्याचा वरचा थर ओला असताना खरवडून खालचा वेगळ्या रंगाचा थर उघडा करायचा. उघड्या हवेत ते काम तीस वर्षेही धड टिकले नाही. मग १९०४ ते १९०७ या काळात तेच चित्र माइसेनच्या प्रसिद्ध कारखान्यातील पोर्सेलीनच्या, म्हणजे चिनी मातीच्या, टाइल्सवर उतरवून भिंतीवर बसवण्यात आले. मूळ चित्राचे निमित्त होते घराण्याच्या सत्तेला ८०० वर्षे होण्याचे, आणि तो उत्सव झाला १८८९ मध्ये. आता हे सगळे एका वाक्यात कोंबा. ‘१८८९ च्या उत्सवासाठी व्हाल्टरने माइसेनच्या टाइल्सवर रंगवलेले चित्र’ हे वाक्य वाचायला गुळगुळीत आहे, त्यातला प्रत्येक शब्द कुठल्या ना कुठल्या संदर्भात सापडतो, आणि वाक्य मात्र चूक आहे. परीक्षकाने इथे तारखा वेगळ्या काढून मागाव्यात : रेखाटनाची, पहिल्या चित्राची, टाइल्सची, आणि निमित्ताची. नोंदीशेजारच्या माहितीचौकटीत एकच वर्ष द्यायची सक्ती असेल तर ते कशाचे वर्ष आहे हे शेजारी लिहावे.

मोजमापांची तपासणी कंटाळवाणी वाटते, पण चूक हमखास तिथेच सापडते. हाताशी साधा कॅलक्युलेटर असला की पुरते. फ्युर्स्टनत्सूगचे क्षेत्रफळ ९५७ चौरस मीटर दिले जाते. टाइलची बाजू साडेवीस सेंटिमीटर धरली तर एका टाइलचे क्षेत्रफळ सुमारे ४२० चौरस सेंटिमीटर येते आणि टाइल्स लागतात सुमारे २२,८००. बाजू वीस सेंटिमीटर धरली तर संख्या २३,९०० वर जाते. वेगवेगळ्या ठिकाणी २३,०००, २४,००० आणि २५,००० असे आकडे छापलेले दिसतात त्यातले पहिले दोन या हिशेबात बसतात; तिसरा ओढूनताणून. अर्ध्या सेंटिमीटरने हजारभर टाइल्सचा फरक पडतो, म्हणून ‘सुमारे’ हा शब्द इथे शोभेचा नाही. उंचीचेही तेच. ९५७ ला १०२ ने भागले की सुमारे ९.४ मीटर येतात. नोंदीत साडेदहा मीटर लिहिले असेल तर क्षेत्रफळ १,०७१ चौरस मीटर व्हायला हवे. मधली तफावत चौकटीची आहे, वरच्या बाजूच्या खिडक्यांची आहे की निव्वळ चुकीची, हे लेखकाला विचारायचे. उत्तर परीक्षकाने स्वतः शोधून घुसडायचे नाही. तसे केले की नोंद तपासणारा आणि लिहिणारा एकच होतो.

पोर्तो शहरातील साऊ बेंतू रेल्वेस्थानकाच्या दालनाबद्दलही हा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. जॉर्ज कोलासू याच्या तिथल्या प्रसिद्ध टाइल्सबद्दल ‘सुमारे २०,००० टाइल्स’ आणि ‘सुमारे ५५१ चौरस मीटर’ हे आकडे शेजारीशेजारी दिलेले असतात. भागाकार केला तर टाइलची बाजू साडेसोळा सेंटिमीटरच्या वर निघते. नेहमीची अझुलेजू टाइल १४ सेंटिमीटरच्या आसपास असते आणि त्या मापाने २८,००० टाइल्स लागतील. एवढ्यावरून कुठला आकडा खोटा हे ठरत नाही. पण दोन्ही आकडे एका मूळ मोजणीतून आलेले नसावेत एवढी शंका नक्की येते, आणि परीक्षणात शंका लिहून ठेवणे हेही काम असते.

‘जगातील सगळ्यात मोठे’ हा दावा दिसला की पेन्सिल उचलावी. फ्युर्स्टनत्सूगबद्दल तो सर्रास केला जातो. पोर्सेलीनच्या टाइल्सचे भित्तिचित्र एवढ्यापुरता तो निभावतो. ‘पोर्सेलीन’ गाळून ‘टाइल्सचे’ म्हटले की लाहोरची भिंत आडवी येते. जहांगीरच्या काळात सुरू होऊन शाहजहानच्या काळात पूर्ण झालेली ती भिंत सुमारे ४४० मीटर लांब आणि १५ मीटर उंच आहे. अर्थात तिच्यावर काशीकारीखेरीज विटांचे काम आणि रंगवलेली चित्रेही आहेत, त्यामुळे तुलना सरळ नाही. विशेषण कशाला लागते हे स्पष्ट नसेल तर विशेषणच काढावे. नोंदीचे काही बिघडत नाही.

श्रेयाचा प्रश्न नाजूक असतो. पॅरिसमधील युनेस्कोच्या मुख्यालयातील ‘सूर्याची भिंत’ आणि ‘चंद्राची भिंत’ (१९५८) या जोडचित्रांवर चित्रकार जुआन मिरो याचे नाव ठळक येते, पण मातीकाम जुझेप ल्योरेन्स आर्तिगास या कुंभकाराचे आहे. हा नुसता हुकूम पाळणारा कारागीर नव्हता. आधी केलेल्या टाइल्स फार एकसारख्या, फार रेखीव वाटल्या म्हणून दोघांनी त्या बाजूला टाकल्या आणि पुन्हा सुरुवात केली. नोंदीत आर्तिगासचे नाव तळाशी ‘साहाय्य’ म्हणून आले असेल तर ती चूक तथ्याची आहे, शिष्टाचाराची नव्हे. याच्या उलट प्रकार लिस्बनच्या राष्ट्रीय अझुलेजू संग्रहालयातील शहराच्या भव्य देखाव्यात आहे. सुमारे १७०० सालचे, जवळपास २३ मीटर लांबीचे हे चित्र १७५५ च्या भूकंपाआधीचे लिस्बन दाखवते. ते गाब्रिएल देल बार्को या चित्रकाराचे मानले जाते. ‘मानले जाते’ हे दोन शब्द संपादनाच्या ओघात कोणीतरी नेहमी कापतो. परीक्षकाने ते परत लावायचे.

अर्थ लावण्याच्या बाबतीतही तीच शिस्त. ड्रेसडेनच्या मिरवणुकीत सॅक्सनीचा राज्यकर्ता बलाढ्य आउगुस्ट याच्या घोड्याचा पाय एका गुलाबावर पडलेला दिसतो. पोलंडचे सिंहासन मिळवण्यासाठी १६९७ मध्ये त्याने कॅथलिक पंथ स्वीकारला आणि गुलाब हे प्रॉटेस्टंट धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरचे चिन्ह, तेव्हा राजाने ल्यूथरचा पंथ पायदळी तुडवला असा अर्थ सांगितला जातो. अर्थ पटण्यासारखा आहे. तरी ‘खुराखाली गुलाब आहे’ हे निरीक्षण आणि ‘तो ल्यूथरचा गुलाब आहे’ हे भाष्य, दोन्हींचे आधार वेगळे लागतात.

चित्रात काय नाही, हे तर नोंदलेखकांच्या लक्षातच येत नाही. ८०० वर्षांचा हिशेब ज्या १०८९ पासून धरला, त्या वर्षी माइसेन प्रांताची सत्ता मिळालेला आयलेनबुर्गचा हाइनरिख मिरवणुकीत नाही. ती सुरू होते कोनराडपासून आणि चित्रावर वर्ष आहे ११२७. शेवटचा राजा तिसरा फ्रीडरिख आउगुस्टही नाही. तो १९०४ मध्ये गादीवर आला, म्हणजे टाइल्सचे काम सुरू झाले त्याच वर्षी. ‘घराण्यातील सर्व राज्यकर्ते’ असे लिहिणाऱ्या नोंदीला ही दोन नावे पुरेशी आहेत.

१३ फेब्रुवारी १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात ड्रेसडेनचा जुना भाग जळाला. जवळचेच फ्राउएनकिर्ख हे चर्च दोन दिवसांनी कोसळले. चित्र मात्र थोड्या टाइल्स गमावून उभे राहिले. टाइल्स भट्टीत १,३०० अंशांहून अधिक तापमानातून गेल्या होत्या म्हणून वाचल्या, असे सांगतात. त्यात तथ्य आहे, पण बॉम्ब नेमके कुठे पडले आणि मागची भिंत का टिकली हेही कारणांत येते. एका सुबक कारणावर नोंदीने समाधान मानू नये. १९७० च्या दशकाच्या अखेरीस चित्राची स्वच्छता आणि डागडुजी झाली. दुरुस्तीचा असा परिच्छेद नसेल तर तो मागून घ्यावा, कारण बदललेली टाइल नीट पाहणाऱ्याला ओळखू येते : झिलईचा पांढरा जरा थंड, रेघ शेजारच्या टाइलवर किंचित सरकलेली. अझुलेजूच्या जुन्या भिंतींवर तर पुन्हा लावताना टाइल फिरून बसते आणि झाडाच्या फांद्यांत मधेच आडवे ढग येतात.

राहता राहिली छायाचित्रे. व्हाल्टर १९१३ मध्ये वारला, त्यामुळे त्याच्या चित्राच्या छायाचित्राला अडचण नाही. मिरोला जाऊन (१९८३) सत्तर वर्षे व्हायची आहेत आणि फ्रान्सचा कायदा सार्वजनिक जागेतील कलाकृतींच्या छायाचित्रांबाबत जर्मनीपेक्षा कडक आहे, म्हणून तिथे परवाना बघावाच लागतो. १०२ मीटर लांबीचे चित्र अरुंद रस्त्यावरून एका फोटोत मावत नाही, म्हणून नोंदीत अनेक फोटो जोडून केलेली लांब पट्टी येते. त्या पट्टीवर बोट ठेवून माणसे मोजावीत. सांध्याजवळचा एखादा पायी चालणारा कारागीर दोनदा आला असेल तर मोजणी ९५ वर जाते. अशा वेळी मजकूर बरोबर असतो, तरी छायाचित्र बदलायला सांगावे लागते.