आम्ही बॉयलर सर्व्हिसिंगला येतोय, पण आधी तो करडा पाइप बघून ठेवा

लंडनच्या पश्चिमेला स्लाउ, हॅरो, हाउन्स्लो इकडे आपली बरीच मंडळी जुनी घरं घेतात आणि घराबरोबर कधीकधी जुना बॉयलर पण येतो. त्याचा धूर बाहेर नेणारा पाइप, म्हणजे फ्लू, बऱ्याचदा ॲस्बेस्टॉस (बारीक तंतूंचं खनिज) घातलेल्या सिमेंटचा निघतो. दिसायला गावाकडच्या सिमेंटच्या पत्र्यासारखा, करडा, जाड, जोडाला फुगलेलं तोंड. टकटक करू नका, खरवडू नका, लांबून टॉर्च मारून फोटो काढा आणि आम्हाला व्हॉट्सॲप करा. नुसतं बघून खात्री होत नाही, ती लॅबमध्येच होते, पण घर २००० च्या आधीचं असेल तर आम्ही ॲस्बेस्टॉस आहे असंच धरून चालतो.

आपण लहानपणी त्याच पत्र्याच्या तुकड्यांनी ठिक्कर खेळलोय, मग इथे एवढं काय, असं बरेच जण विचारतात. तर पाइप अख्खा असेल आणि कोणी हात लावत नसेल तर तो बिचारा तिथेच उभा असतो, त्रास तो कापला, फोडला, ड्रिल मारला की सुरू होतो कारण डोळ्याला न दिसणारे तंतू छातीत जातात आणि दुखणं कधीकधी ३०-४० वर्षांनी वर येतं. यूकेमध्ये ॲस्बेस्टॉसचे निळा आणि तपकिरी हे प्रकार १९८५ ला आणि पांढरा १९९९ ला बंद झाला, पण बसवलेले पाइप आहेत तिथेच आहेत.

मागे एका काकांनी आम्ही येणार म्हणून लॉफ्टमध्ये फुटक्या फ्लूखालचा चुरा हूवरने (व्हॅक्यूम क्लीनरने) साफ करून ठेवला, हेतू चांगला हो, पण साध्या हूवरने ती धूळ उलट घरभर उडते. आणि फ्लू फुटका म्हणजे कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू घरात यायची भीती, त्यामुळे बॉयलर बंद करावा लागला तो वेगळाच.

जोड सोडवायचाच असेल तर तुम्ही सगळे बाहेर, दार बंद, खाली प्लास्टिक, आम्ही एफएफपी३ (बारीक धूळ अडवणारा) मास्क आणि फेकायचा सूट घालून, जोडावर भांड्यांच्या लिक्विडचा थेंब टाकलेलं पाणी मारून हातानेच काम करतो, ग्राइंडर अजिबात नाही. पाइप शक्यतो न तोडता प्लास्टिकमध्ये दोनदा गुंडाळून, लेबल लावून परवाना असलेल्या जागीच जातो, तुमच्या घरच्या कचऱ्याच्या काळ्या बिनमध्ये नाही. याला वेळ आणि पैसे जास्त लागतात, ते आधीच सांगतो.

बॉयलरच्या दाराची जुनी दोरीसारखी सील पण ॲस्बेस्टॉसची असू शकते, सर्व्हिसिंगला दार उघडलं की तीच आधी हलते. बॉयलरच्या कपाटाला आतून मऊसर बोर्ड दिसला तर तोही ॲस्बेस्टॉसचा असू शकतो, आम्ही हात लावत नाही, ते बहुतेक वेळा ॲस्बेस्टॉसचं लायसन्स असलेल्याचं काम. अशा वेळी आम्ही "आज सर्व्हिस होणार नाही" म्हणालो तर प्लीज रागावू नका.

नवीन बॉयलरला फ्लू त्याचा स्वतःचा येतो, जुना पाइप धड असेल तर तोंडं बंद करून तसाच ठेवता येतो. फक्त कपाटाच्या दारावर आतून "इथे ॲस्बेस्टॉसचा पाइप आहे" अशी चिठ्ठी डकवा, पुढचा प्लंबर ड्रिल घेऊन येईल तेव्हा आम्ही तिथे नसणार.