परिभाषित संज्ञा (करारनामे व दस्त)

करारनाम्यात एखाद्या शब्दाला त्या कागदापुरता बांधून दिलेला अर्थ असेल, तर त्या शब्दाला परिभाषित संज्ञा म्हणतात. बाजारात त्या शब्दाचा अर्थ काहीही असो, त्या दस्तात तो लिहून ठेवला आहे तोच. भारतीय करार कायदा, १८७२ हाही कलम २ मध्ये प्रस्ताव, प्रतिफल, करार अशा शब्दांच्या व्याख्या आधी देतो आणि मग पुढे जातो. याच कायद्याच्या कलम २९ नुसार ज्या कराराचा अर्थ निश्चित नाही आणि निश्चित करताही येत नाही, तो रद्दबातल ठरतो. कायद्यातलेच उदाहरण शंभर टन तेलाचे आहे: तेल कोणते हे कळायला कागदात काहीच मार्ग नसेल, तर सौदा फोल, विकणारा फक्त खोबरेल तेलाचा व्यापारी असेल, तर मात्र तो टिकतो.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या सीमाभागात सामान्य माणसाची अशा संज्ञांशी गाठ पडते ती बाँड रायटरकडे (दस्त लिहून देणाऱ्याकडे). खरेदीपत्र असो, संचकारपत्र (विसाराचा करार) असो की वाटणीपत्र, पहिल्याच पानावर ‘लिहून देणार’ (दस्त करून देणारा) आणि ‘लिहून घेणार’ (दस्त करून घेणारा) भेटतात. नाव, वय, धंदा, राहणार असा तपशील झाला की मजकूर साधारण असा येतो: ‘यांना यापुढे लिहून देणार असे म्हटले आहे (या संज्ञेत त्यांचे वारस, कायदेशीर प्रतिनिधी व असाइनी यांचा समावेश आहे).’ असाइनी म्हणजे ज्याला हक्क सोपवला तो. वाचताना लोक कंस ओलांडून जातात, पण वजन कंसातच आहे. लिहून देणार उद्या वारला, तर बांधिलकी कोणावर येते हे तिथे ठरलेले असते. व्याख्येत ‘म्हणजे’ आहे की ‘समावेश आहे’, हेही पाहावे लागते. ‘म्हणजे’ने अर्थाची हद्द आखली जाते, ‘समावेश’ने ती वाढते. कायद्यांतील व्याख्या न्यायालये सामान्यतः अशाच वाचतात आणि दस्तांतही हाच भेद धरला जातो.

इंग्रजी मसुद्यात परिभाषित संज्ञेचे पहिले अक्षर मोठे लिहितात, त्यामुळे ती पानावर लगेच ओळखू येते. देवनागरीत आणि कन्नड लिपीत मोठी अक्षरे नाहीत. हे काम जुन्या मोडी कागदांत ‘मजकूर’ हा शब्द करी. ‘मौजे मजकूर’ म्हणजे वर सांगितलेलेच गाव. आज ते ओझे ‘सदर’ आणि ‘सदरहू’वर आहे, आणि खरी गडबड तिथेच होते. ‘सदर’ला स्वतःचा अर्थ नाही, तो मागे बोट दाखवतो, आणि मागे दोन मिळकती असतील तर कोणतीकडे, हे सांगत नाही. समजा ३ एकर २० गुंठ्यांच्या सर्व्हे नंबरपैकी १० गुंठे विकले आणि दस्तात लिहिले, ‘सदर मिळकतीत जाण्यासाठी सदर मिळकतीतून वाट राहील.’ लिहिणाऱ्याला ठाऊक होते, पण वीस वर्षांनी बांधावर उभ्या असलेल्या दोन पुतण्यांना कसे कळावे? ‘मूळ मिळकत’ आणि ‘विक्रीची मिळकत’ अशी दोन नावे आधीच दिली असती, तर एका ओळीत काम भागले असते. कर्नाटकातल्या दस्तांत यासाठी ‘अ शेड्यूल’ आणि ‘ब शेड्यूल’ (मिळकतीच्या वर्णनाची परिशिष्टे) यांची पद्धत आहे: पहिल्यात पूर्ण मिळकत, दुसऱ्यात त्यातला प्रत्यक्ष दिला जाणारा भाग.

शेड्यूलमध्ये सर्व्हे नंबर, हिस्सा, क्षेत्र आणि चतुःसीमा (चारी बाजूंच्या हद्दी) येतात. मिळकत ओळखता येईल इतके वर्णन नसेल, तर नोंदणी कायदा, १९०८ च्या कलम २१ नुसार दस्त नोंदणीला घेतला जात नाही. क्षेत्र आणि चतुःसीमा जुळत नसतील, तर न्यायालये सहसा चतुःसीमेला मान देतात. शेड्यूल शेवटच्या पानावर असते म्हणून ते कमी महत्त्वाचे मानण्याची चूक महागात पडते. शेजारच्या विजापूर जिल्ह्यातल्या जमिनींच्या एका खटल्यात नवऱ्याने बायकोकडून बक्षीसपत्र करून घेतले. ते दोनच जमिनींचे आहे असे तिला सांगितले होते, दस्तात मात्र आणखी दोन घातल्या होत्या. १९६८ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की फसवणूक दस्ताच्या स्वरूपाबद्दल नव्हे तर मजकुराबद्दल होती. म्हणून दस्त मुळातच शून्य नव्हता, तर रद्द करून घेण्याजोगा होता. अशा दाव्याला मुदत असते.

भाषेचा प्रश्न या भागात वेगळाच. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी हा मुलूख मुंबई राज्यात होता, त्यामुळे जुने दस्त मराठीत सापडतात. आज नोंदणी कायद्याच्या कलम १९ प्रमाणे, अधिकाऱ्याला न समजणाऱ्या आणि जिल्ह्यात सर्रास न वापरल्या जाणाऱ्या भाषेतला दस्त खऱ्या भाषांतराशिवाय घेतला जात नाही. घरी मराठी मसुदा वाचून दाखवला आणि सही मात्र कन्नड दस्तावर झाली, तर दोन्हींतल्या संज्ञा ताडून पाहणे भाग आहे; नोंदला गेलेला मजकूर तोच दस्त.

व्याख्या लिहिणाऱ्याच्या मर्जीलाही सीमा आहे. ऊस पुरवठ्याच्या करारात ‘दर’ या शब्दाचा अर्थ कारखान्याने काहीही लिहिला, तरी ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ खालच्या एफआरपीपेक्षा (सरकारने ठरवलेल्या रास्त व किफायतशीर दरापेक्षा) कमी देता येत नाही. वेगळा करार नसेल तर पैसे १४ दिवसांत, आणि उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज. दस्ताच्या मथळ्याचेही तसेच. वर ‘संचकारपत्र’ लिहिले पण आत ताबा दिल्याचे कलम असेल, तर कर्नाटक मुद्रांक कायदा, १९५७ प्रमाणे त्यावर खरेदीपत्राइतकेच मुद्रांक शुल्क बसते.