संमती-शिक्षणातील युवा सहभाग

लैंगिक संमतीविषयीच्या आरोग्य-शिक्षणातले प्रसंग, भाषा आणि प्रश्न तरुण मुलामुलींनीच ठरवण्याची पद्धत. संहिता डॉक्टरांनी लिहायची आणि मुलांनी ती पथनाट्यात म्हणून दाखवायची, हा सहभाग नव्हे.

मुंबईत ‘संमती’ हा शब्द जुना आहे, पण तो वयाच्या वादातून आला. समाजसुधारक बेहरामजी मलबारी यांची बालविवाहावरची टिपणे (१८८४) आणि बालपणी लग्न लावलेल्या पतीकडे नांदायला नकार देणाऱ्या रखमाबाईंचा खटला गाजल्यानंतर १८९१ च्या कायद्याने मुलींचे संमतिवय, म्हणजे शरीरसंबंधाला कायदेशीर संमती देण्याचे वय, १० वरून १२ झाले. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्यापासून (२०१२) ते मुलगा-मुलगी दोघांसाठी १८ आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ नुसार संमती म्हणजे स्त्रीने त्या विशिष्ट लैंगिक कृतीला शब्दांनी वा खुणेने दिलेला स्वेच्छेचा, निःसंदिग्ध होकार. केवळ प्रतिकार झाला नाही म्हणून तो गृहीत धरता येत नाही.

काम शब्द गोळा करण्यापासून सुरू होते. ‘संमती’ कोर्टातला शब्द. कट्ट्यावर तो कोणी वापरत नाही. तिथे ‘बघू’, ‘नंतर’, ‘घरी कळलं तर?’ असे बोलले जाते. मराठीत ‘बघू’ हा बहुधा सभ्य नकारच असतो, आणि समोरचा मात्र ‘भाव खातेय’ म्हणून मोकळा होतो. आठ-दहा जणांचा गट, आधी मुलगे-मुली वेगळे, मग एकत्र. प्रश्नांच्या निनावी चिठ्ठ्या प्रत्येकाने टाकायच्या. प्रश्न नसेल त्यानेही काहीतरी खरडायचे, नाहीतर लिहिणारा लगेच ओळखू येतो. लिहिलेले प्रसंग दुसऱ्या गटाला वाचून दाखवतात. तो जिथे हसतो, तिथे बहुधा भाषा खोटी असते.

पहिल्या खर्ड्यात गुन्हेगार हटकून अनोळखी असतो: लोकलमधला, अंधाऱ्या गल्लीतला. प्रत्यक्षात आरोपी बहुतेकदा ओळखीचा असतो. म्हणून मित्र, शेजारी, प्रियकर यांचे प्रसंग मुद्दाम लिहून घ्यावे लागतात. मोबाइलवर फोटो मागण्याचाही.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे ‘इथलं बाहेर जाणार नाही’ हे वचन. १८ खालच्या मुलावर अत्याचार झाल्याचे कळले की पॉक्सोच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, आणि कायद्याच्या लेखी १७ वर्षांच्या मुलीचा होकारही होकार नाही. हे सत्राच्या आरंभीच, चिठ्ठ्या वाटण्याआधी सांगतात आणि चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ हा क्रमांक फळ्यावर लिहून ठेवतात. त्यामुळे काही मुले गप्प होतात, हे खरे.

सत्रानंतर व्याख्या विचारून काही कळत नाही. ती पाठ होते. ‘बघू’वाला प्रसंग पुन्हा देऊन ‘आता समोरचा काय करेल?’ असे विचारतात.