कोसोलांची साक्ष मुलांपर्यंत यायला इतका वेळ का लागला?

आफ्रिकेतून पकडून अमेरिकेत गुलाम म्हणून आणलेल्या कोसोलांनी स्वतः सांगितलेली हकीकत मुलांच्या पुस्तकात आली ती २०२४ मध्ये. तसं अमेरिकेत गुलामगिरीविरुद्ध मुलांसाठी लिहिणं फार जुनं. 'स्लेव्ज फ्रेंड' हे बालमासिक १८३६ मध्येच सुरू झालं होतं. पण त्यात बोलत ते बहुधा गोरे सुधारक. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली तीही दास्यविमोचनासाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सज्जनांना. ज्यांनी ते दास्य भोगलं, त्यांचं बोलणं जसंच्या तसं छापून यायला मात्र फार काळ जावा लागला.

ओलुआले कोसोला यांचंच पाहा. जन्म पश्चिम आफ्रिकेतल्या आजच्या बेनिनमधला. १८६० मध्ये, ते एकोणीस वर्षांचे असताना, शेजारच्या दाहोमी राज्याच्या सैन्याने त्यांच्या गावावर पहाटे हल्ला केला, अनेकांना ठार मारलं आणि उरलेल्यांना उइदाह बंदरात डांबून विकलं. अमेरिकेत गुलाम आणायला १८०८ पासूनच बंदी होती. तरी 'क्लोटिल्डा' जहाजातून सुमारे ११० जणांना अलाबामा राज्यातल्या मोबाइल शहराजवळ चोरून उतरवलं गेलं आणि पुरावा नको म्हणून जहाजच जाळलं. १८६५ मध्ये सुटका झाली, पण मायदेशी परतायला पैसे कुठले? हा सगळा बेत रचणाऱ्या टिमथी मीहरकडे त्यांनी जमीन मागितली. त्याने नकार दिला. मग पै पै जोडून जमीन विकत घेतली आणि आफ्रिकाटाउन वसवलं.

१९२७ पासून लेखिका झोरा नील हर्स्टन त्यांच्याकडे जाऊ लागल्या. कधी पीच, कधी कलिंगड घेऊन. म्हाताऱ्या कोसोलांना बोलावंसं वाटत नसे त्या दिवशी त्या आग्रह धरत नसत. १९३१ मध्ये या हकीकतीचं, म्हणजे 'बॅराकून' (गुलामांना डांबायचा कोंडवाडा) या पुस्तकाचं, हस्तलिखित तयार झालं. कोसोलांचं बोलणं त्यांच्या बोलीत नको, शुद्ध इंग्रजीत लिहा, असं प्रकाशकाचं म्हणणं. हर्स्टन यांनी ते मानलं नाही, आणि मला त्यांचा हा हट्ट फार मोलाचा वाटतो. 'बॅराकून' छापलं गेलं ते थेट २०१८ मध्ये. कोसोला १९३५ मध्येच वारले होते, हर्स्टन १९६० मध्ये. २०१९ मध्ये 'क्लोटिल्डा'चे अवशेष सापडल्याचंही जाहीर झालं.

२०२४ मध्ये अमेरिकी लेखक इब्राम केंडी यांनी या साक्षीची बालवाचकांसाठी आवृत्ती केली. मुलांसाठी सोपं करताना नको ते गाळण्याचा मोह होतो. पण कोसोलांना विकणारे आफ्रिकी होते आणि विकत घेणारे गोरे, हे दोन्ही मुलांना कळलंच पाहिजे. मीहरला काय शिक्षा झाली, असं ती विचारतील. त्याचं खरं उत्तरही द्यावं लागेल: काहीच नाही.