वाडन समुद्रातली मॅकोमा: थंडी, गाळ आणि उपशाचा वाद

मॅकोमा बाल्थिका ही फार तर अडीच-तीन सेंटिमीटरची शिंपली. रंग पांढरा, पिवळा, नाहीतर छान गुलाबी. कोकणातल्या तिसऱ्यांसारखी ती कोणी रश्श्यात घालत नाही. तिची मोजदाद झाली ती मासे आणि पक्षी तिच्यावर जगतात म्हणून.

कूळ मूळचं प्रशांत महासागराचं. बेरिंग सामुद्रधुनी उघडल्यावर ते उत्तर ध्रुवाच्या वाटेने अटलांटिकमध्ये उतरलं, तेही एकदाच नव्हे. शास्त्रीय नाव 1758 चं. पुढे 1910 च्या दशकात डेन्मार्कमध्ये प्लेस या चपट्या माशाला खाद्य किती, हे पाहण्यासाठी तळाचा गाळ मोजून उपसला गेला आणि उथळ पाण्यातल्या एका अख्ख्या प्राणिसमूहाला हिचंच नाव पडलं.

खरी माहिती जमली ती वाडन समुद्रातल्या, म्हणजे नेदरलँड्सच्या उत्तरेकडच्या उथळ, ओहोटीला उघड्या पडणाऱ्या समुद्रातल्या, डच चिखलपट्ट्यांवर. तिथे 1970 च्या सुमारास सुरू झालेली नियमित मोजणी दशकानुदशकं चालली: गाळ चाळायचा, शिंपल्या वेचायच्या, कवचावरच्या हिवाळी वलयांवरून वय काढायचं. त्यातून दिसलं ते उलटंच. कडक हिवाळा सरला की त्या उन्हाळ्यात पिल्लं भरपूर, सौम्य हिवाळ्यानंतर तुटवडा. ऊबदार हिवाळ्यात खायला काही नसताना शरीर मात्र खर्च होत राहतं, मादी रोडावते, अंडी कमी पडतात. शिवाय थंडीनंतर कोळंबी पट्ट्यांवर उशिरा परतते, तोवर पिल्लं तिच्या तोंडात मावणार नाहीत इतकी वाढलेली असतात.

शिंपली स्वतः काही सेंटिमीटर खाली गाडलेली असते. वर येतात त्या दोन सुट्या नळ्या. त्यातली लांब नळी हत्तीच्या सोंडेसारखी चिखलावर फिरत वरचा थर ओढून घेते. भरतीच्या पाण्यातलं तरंगतं खाद्यही चालतं. लहान चपटे मासे या नळीचं टोक कुरतडतात. ते पुन्हा वाढतं, पण तोवर आखूड नळीमुळे शिंपलीला वर सरकावं लागतं आणि मग ती पक्ष्यांच्या चोचीच्या टप्प्यात येते. रेड नॉट हा पक्षी तर ती कवचासकट गिळतो आणि पोटात भरडतो.

वाद पेटला तो दुसऱ्याच शिंपलीवरून. कॉकल ही खाण्याची शिंपली. ती काढणारी यंत्रं पाण्याच्या फवाऱ्याने चिखलाचा वरचा थर सैल करून शोषून घेत. 1988 मध्ये वाडनमधल्या ग्रीन्ड बेटाजवळ असा उपसा झाला. तिथला बारीक गाळ वाहून गेला आणि तो पूर्ववत व्हायला 1996 उजाडलं. मॅकोमाची पिल्लं बारीक गाळातच बसतात, त्यामुळे ती तिथे कमी झाली, असा निष्कर्ष 2001 मध्ये निघाला. दुसऱ्या बाजूने बोट तापमानाकडे होतं: 2003 च्या मांडणीनुसार वसंत लवकर ऊबदार झाला की अंडी लवकर पडतात, पण अळ्यांना लागणारा वनस्पती-प्लवकांचा (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींचा) बहर काही लवकर येत नाही. दोन्ही बाजूंची अडचण एकच: 1988 ते 1990 हे तिन्ही हिवाळे सौम्य होते, म्हणजे उपसा आणि ऊब एकदमच आले. तरी यंत्र फिरलेल्या आणि न फिरलेल्या जागा शेजारी-शेजारी ठेवून केलेली तुलना नुसत्या हवामानाच्या नावावर खपवता येत नाही.

सप्टेंबर 2004 मध्ये युरोपीय न्यायालयाने सांगितलं की, हानी होणार नाही याबद्दल वाजवी शास्त्रीय शंका उरत नसेल तरच अशा उपशाला परवाना द्यावा. 2005 पासून वाडनमधला यांत्रिक उपसा बंद झाला, व्यावसायिकांना भरपाई मिळाली. हाताने कॉकल काढणं चालू राहिलं.

जुन्या नोंदी शोधताना एक लक्षात ठेवावं: काही अलीकडच्या निबंधांत हीच शिंपली लिमेकोला बाल्थिका म्हणून येते, आणि अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरची जी पूर्वी हिच्यातच धरत, ती आता मॅकोमा पेटॅलम या नावाने वेगळी मोजतात.