एकतर्फी हुकूमनामा : जुन्या पत्त्यावरील समन्स व हुकूमनामा रद्द करण्याचा अर्ज

कर्जवसुलीच्या दाव्याचे समन्स प्रतिवादीने सोडलेल्या घरी पाठवले गेल्यामुळे तो न्यायालयात हजर राहू शकला नाही आणि त्याच्या गैरहजेरीत रक्कम देण्याचा हुकूमनामा झाला, तर तो रद्द करून घेण्याची तरतूद भारतात दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधील आदेश ९, नियम १३ मध्ये आहे. भाड्याचे घर बदलणे, नोकरीसाठी शहर सोडणे, किंवा मुंबईत चाळ पुनर्विकासाला जाऊन कुटुंब संक्रमण शिबिरात राहायला जाणे, या कारणांनी बँकेच्या दप्तरातील पत्ता आणि कर्जदाराचे प्रत्यक्ष वास्तव्य यांत अंतर पडते. दावा दप्तरातील पत्त्यावर दाखल होतो, समन्सही तेथेच जाते आणि कर्जदाराला पहिली बातमी कळते ती पगारातून कपात सुरू झाल्यावर किंवा बँक खाते गोठल्यावर.

या तरतुदीमागील तत्त्व ‘संग्राम सिंग विरुद्ध निवडणूक न्यायाधिकरण, कोटा’ (१९५५) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे. निकाल लिहिणारे न्या. व्हिव्हियन बोस पूर्वी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. कोणाचेही म्हणणे ऐकून घेतल्याशिवाय त्याच्याविरुद्ध निर्णय होऊ नये, या नैसर्गिक न्यायाच्या पायावर कार्यपद्धतीचे कायदे उभे आहेत आणि त्यांचा अर्थ लावताना हे नजरेआड करता येणार नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. म्हणूनच नियम १३ खालील अर्जात कर्ज खरे की खोटे हा पहिला प्रश्न नसतो. प्रतिवादीला दाव्याची खबर रीतसर मिळाली होती का, हा पहिला प्रश्न असतो, आणि ज्याच्याकडे खरोखरच बाकी आहे अशा कर्जदारालाही तो विचारण्याचा हक्क आहे.

रीतसर बजावणी कशाला म्हणायचे, हे संहितेच्या आदेश ५ मध्ये सांगितले आहे. समन्स शक्यतो प्रतिवादीच्या हातात द्यावयाचे असते. तो घरी नसेल आणि वाजवी वेळेत भेटण्याची शक्यता नसेल, तर त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबातील प्रौढ व्यक्तीला देता येते, मात्र नोकर हा कुटुंबातील व्यक्ती धरला जात नाही. येथे ‘सोबत राहणाऱ्या’ ही अट निर्णायक आहे. पुण्यात स्वतंत्र बिऱ्हाड केलेल्या माणसाचे समन्स गावच्या घरी राहणाऱ्या भावाने सही करून घेतले, तर ती बजावणी या नियमात बसत नाही. कोणीच भेटले नाही, तर पुरेशी खटपट केल्यानंतर बेलीफाला समन्सची प्रत दारावर चिकटवता येते. पण ते दार प्रतिवादी ज्या घरात नेहमी राहतो किंवा जेथे व्यवसाय अथवा काम करतो त्या जागेचे असावे लागते, आणि घर कोणी ओळखून दाखवले, कोणाच्या समक्ष प्रत चिकटवली, हे बेलीफाने अहवालात लिहावे लागते. दोन वर्षांपूर्वी सोडलेल्या खोलीच्या दारावर चिकटवलेला कागद ही अट पूर्ण करत नाही. पाडलेल्या इमारतीच्या बाबतीत तर अशा अहवालाचा खरेपणाच तपासावा लागतो.

टपालाने पाठवलेल्या समन्सबाबत लखोट्यावरील शेऱ्याला मोठे महत्त्व आहे. ‘घेण्यास नकार’ असा शेरा आला, तर न्यायालय बजावणी झाल्याचे जाहीर करते. पोच हरवली किंवा ३० दिवसांत परत आली नाही, तरीही तसे जाहीर करता येते, परंतु पत्ता योग्य होता आणि लखोटा पोचदेय रजिस्टर टपालाने पाठवला होता हे गृहीत धरूनच. सर्वसाधारण वाक्खंड अधिनियम, १८९७ च्या कलम २७ मधील गृहीतकही योग्य पत्त्यावरच अवलंबून आहे. ‘पत्ता सोडून गेले’ या शेऱ्याने परत आलेला लखोटा मात्र बजावणीचा पुरावा ठरत नाही, उलट पत्ता चुकीचा असल्याची ती वादीला मिळालेली लेखी सूचनाच असते. असा शेरा फाइलमध्ये असताना पुढचा आदेश झाला असेल, तर अर्जदारासाठी त्याहून बोलका कागद दुसरा नाही.

प्रतिवादी मुद्दाम तोंड चुकवत आहे किंवा नेहमीच्या मार्गाने बजावणी होणे शक्य नाही असे मानण्यास कारण असल्याची खात्री पटली, तर न्यायालय आदेश ५ मधील नियम २० अन्वये पर्यायी बजावणीचा आदेश देते. वर्तमानपत्रातील जाहिरात हा त्याचा परिचित प्रकार असून ते दैनिक प्रतिवादी शेवटचा जेथे राहत होता त्या भागात वाचले जाणारे असावे लागते. ही खात्री केवळ नावापुरती असून चालत नाही. ‘नीरजा रियल्टर्स विरुद्ध जंगलू’ (२०१८) या नागपूरच्या प्रकरणात, दावा कर्जाचा नसला तरी, पर्यायी बजावणीच्या पायऱ्या नीट पाळल्या गेल्या नव्हत्या म्हणून सर्वोच्च न्यायालयाने एकतर्फी हुकूमनामा रद्द केला.

मुदत हा या अर्जाचा सर्वांत नाजूक भाग आहे. मुदत कायदा, १९६३ च्या अनुच्छेद १२३ प्रमाणे अर्ज ३० दिवसांत करावा लागतो. समन्स रीतसर बजावले गेले असेल तर हे दिवस हुकूमनाम्याच्या तारखेपासून मोजतात, आणि बजावले गेले नसेल तर अर्जदाराला हुकूमनाम्याची माहिती झाली त्या दिवसापासून. पर्यायी बजावणी या हिशेबापुरती रीतसर बजावणी मानली जात नाही, असे अनुच्छेदाच्या स्पष्टीकरणात म्हटले आहे. त्यामुळे जाहिरातीवर झालेल्या हुकूमनाम्याविरुद्धही माहितीच्या तारखेपासून मुदत मिळते. ही तारीख अर्जात नेमकी लिहावी लागते आणि ती कशी कळली याचा कागद, उदाहरणार्थ पगारकपातीचे पत्र, खाते गोठवल्याचा बँकेचा संदेश किंवा दरखास्तीची (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीसाठी केलेल्या अर्जाची) नोटीस, सोबत जोडावा लागतो. ‘नुकतेच कळले’ एवढ्या मोघम विधानावर पुष्कळ अर्ज अडतात. मुदत उलटली असल्यास कलम ५ खाली विलंबमाफीचा अर्ज करता येतो. त्यात उशिराचे समाधानकारक कारण द्यावे लागते.

अर्ज ज्या न्यायालयाने हुकूमनामा केला त्याच न्यायालयात करायचा असतो. दरखास्त चालवणारे न्यायालय हुकूमनाम्याच्या योग्यायोग्यतेत शिरत नाही, म्हणून बेलीफापुढे किंवा दरखास्तीत नुसती हरकत घेऊन भागत नाही. दरखास्त दुसऱ्या न्यायालयाकडे वर्ग झाली असेल, तर ऋणकोला मूळ न्यायालयात जाता यावे म्हणून ते न्यायालय अंमलबजावणी वाजवी काळ थांबवू शकते. हुकूमनामा होऊन दोन वर्षे उलटल्यावर दरखास्त आली, तर ऋणकोला आधी नोटीस देणे आदेश २१, नियम २२ नुसार आवश्यक आहे. हुकूमनाम्याची अंमलबजावणी १२ वर्षांपर्यंत मागता येत असल्याने ही नोटीस अनेकांसाठी पहिली खबर ठरते. पगारावरील जप्तीतून पहिले १,००० रुपये आणि उरलेल्या पगाराचा दोन-तृतीयांश भाग संहितेच्या कलम ६० ने वगळला आहे. पोटगीच्या हुकूमनाम्याला मात्र हे प्रमाण लागू नाही.

तयारीची सुरुवात मूळ दाव्याच्या कागदांपासून होते. ई-कोर्ट्स प्रणालीत पक्षकाराच्या नावाने दावा शोधून क्रमांक मिळवणे, नकलेचा अर्ज देऊन दावापत्र, रोजनामा, बेलीफाचा अहवाल, परत आलेले लखोटे व हुकूमनामा यांच्या प्रमाणित प्रती घेणे, हे काम अर्ज लिहिण्याआधीचे आहे. समन्स कोणत्या तारखेला, कोणत्या पत्त्यावर, कोणत्या शेऱ्याने गेले हे या कागदांतून दिसते आणि त्याच तारखांच्या समोर अर्जदाराला आपले खरे वास्तव्य दाखवावे लागते. नोंदणीकृत भाडेकरार, वीजबिल, मुलांच्या शाळेचे दाखले, नोकरीचे बदलीपत्र हे नेहमीचे पुरावे आहेत. याहून मोठे वजन वादी बँकेनेच नव्या पत्त्यावर पाठवलेल्या खातेउताऱ्याला किंवा पत्ता बदलल्याच्या अर्जावरील तिच्या शिक्क्याला असते. पत्ता कळवला नव्हता, अशी बाजू बँक बहुधा कर्जकराराच्या आधारे मांडते. करारातील ती अट बँकेच्या नोटिसांसाठी असते. समन्सच्या बजावणीचे नियम संहितेचे आहेत. मात्र प्रतिवादी एकदा दाव्यात हजर होऊन त्याने नोंदणीचा पत्ता दिला असेल, तर तो बदलल्याचे न्यायालयाला कळवण्याची जबाबदारी त्याच्यावर येते.

विरुद्ध बाजूला नोटीस दिल्याशिवाय हुकूमनामा रद्द करता येत नाही. अर्जदाराचे शपथपत्र व उलटतपासणी होते. १९७६ च्या दुरुस्तीने एक महत्त्वाचे बंधन घातले : प्रतिवादीला सुनावणीच्या तारखेची माहिती होती आणि हजर राहून उत्तर देण्यास पुरेसा वेळ होता, अशी न्यायालयाची खात्री झाली, तर केवळ बजावणीतील अनियमिततेसाठी हुकूमनामा रद्द होत नाही. वकिलाने फोन केला होता, दाव्याची प्रत मोबाइलवर आली होती, असे प्रश्न उलटतपासणीत यासाठीच विचारले जातात, आणि त्यांची उत्तरे खरी द्यावीत. माहिती लपवल्याचे एकदा दिसले की पत्त्याचा खरा मुद्दाही दुबळा होतो.

अर्ज मान्य झाल्यास खर्च, काही रक्कम न्यायालयात भरणे किंवा अन्य अटी घातल्या जाऊ शकतात. दावा पुन्हा फाइलवर येतो आणि प्रतिवादीला लेखी कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, देण्याची संधी मिळते. कर्ज माफ होत नाही. व्याजाचा हिशेब चुकला आहे, हप्ते जमा धरलेले नाहीत, दावा तीन वर्षांची मुदत उलटल्यावर आणला आहे, असे बचाव तेव्हा प्रथमच ऐकले जातात. अर्ज फेटाळला गेल्यास आदेश ४३, नियम १(ड) खाली अपील करता येते. हुकूमनाम्याविरुद्ध संहितेच्या कलम ९६(२) प्रमाणे थेट अपीलही आहे. ‘भानुकुमार जैन विरुद्ध अर्चना कुमार’ (२००५) या निकालाप्रमाणे दोन्ही मार्ग एकाच वेळी धरता येतात, पण अपील मागे घेण्याखेरीज अन्य कोणत्याही कारणाने निकालात निघाले की नियम १३ चा अर्ज चालत नाही. खरा पत्ता ठाऊक असूनही वादीने हेतुपुरस्सर जुना पत्ता दिला असेल, तर ती न्यायालयाची फसवणूक ठरते आणि त्यासाठी स्वतंत्र दावाही मांडता येतो.

सर्व वसुली एकाच पद्धतीने होत नाही. वचनचिठ्ठी किंवा लेखी करारावरील संक्षिप्त दाव्यात, म्हणजे न्यायालयाच्या परवानगीशिवाय प्रतिवादीला बचाव मांडता येत नाही अशा झटपट दाव्यात, आदेश ३७, नियम ४ लागू होतो आणि तेथे ‘विशेष परिस्थिती’ दाखवावी लागते. ‘रजनी कुमार विरुद्ध सुरेश कुमार मल्होत्रा’ (२००३) या निकालानुसार बचाव सकृद्दर्शनी टिकण्याजोगा आहे, हेही त्या अर्जातच मांडावे लागते. २० लाख रुपये व त्यावरील बँक-कर्जांसाठी असलेल्या ऋणवसुली न्यायाधिकरणाला आपला एकतर्फी आदेश रद्द करण्याचा अधिकार १९९३ च्या कायद्यातील कलम २२ ने दिला आहे. महाराष्ट्रातील पतसंस्थांचे कर्जदार मात्र अनेकदा न्यायालयीन हुकूमनामा आणि सहकार कायद्याच्या कलम १०१ खालील वसुली दाखला यांत गल्लत करतात. हा दाखला निबंधक देतो. त्याविरुद्ध कलम १५४ खाली पुनरीक्षण अर्ज करावा लागतो आणि तो विचारात घेतला जाण्यासाठी येणे रकमेच्या ५० टक्के रक्कम संस्थेकडे भरावी लागते. ज्याच्यापर्यंत सुनावणीची नोटीसच पोहोचली नाही, त्याच्यासाठी ही अट फार जड आहे.

आखातातून परतलेल्या कर्जदारांसमोर हाच प्रश्न वेगळ्या रूपात येतो. संयुक्त अरब अमिरात जानेवारी २०२० मध्ये संहितेच्या कलम ४४अ साठी परस्परसंबंधी प्रदेश (ज्याच्या न्यायालयांचे हुकूमनामे भारतात थेट अमलात आणता येतात असा देश) म्हणून अधिसूचित झाल्यापासून तेथील न्यायालयाचा रकमेचा हुकूमनामा भारतातील जिल्हा न्यायालयात अंमलबजावणीसाठी दाखल करता येतो. दुबईच्या सोडलेल्या फ्लॅटवर समन्स गेले असेल, तर रत्नागिरीत किंवा म्हापशात बसलेल्या ऋणकोला संहितेच्या कलम १३ चे (आदेश ९ मधील नियम १३ चे नव्हे) बचाव उपलब्ध आहेत : निकाल गुणवत्तेवर दिलेला नाही, किंवा कार्यवाही नैसर्गिक न्यायाविरुद्ध झाली. पुरावा न पाहता केवळ गैरहजेरीमुळे दिलेला परकीय निकाल गुणवत्तेवरचा ठरत नाही, असे ‘इंटरनॅशनल वूलन मिल्स विरुद्ध स्टँडर्ड वूल (यू. के.) लि.’ (२००१) या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे. हे बचाव अंमलबजावणीच्या न्यायालयातच मांडता येतात, त्यासाठी परदेशी जाण्याची गरज पडत नाही.